वेशीवरचा आडोसा

भोर, ९ जुलै २०२४

चि. शुभ्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हा कागद गुंजवण्याच्या एस.टी.ने पाठवतो. तू आर्किटेक्ट, नव्या स्मशानशेडचा आराखडा गावाने मिळून करावा म्हणून तू टेम्पोत प्रतिकृती मांडलीस, पारासमोर उभी राहिलीस, आणि कुणी आत चढले नाही. यात आश्चर्य ते काय? याच टेम्पोतून लग्नसराईत वऱ्हाड न्यायचे, ही गोरख ड्रायव्हरची कुरकुरही मला रास्त वाटते. शिवाय पारावर पुरुष बसतात. सुना तिथून वाट बदलतात. तेव्हा गावाला विचारले, असे तुला म्हणता येणार नाही. चाके आहेत, तर हलव.
काकू विचारते, वेळेवर जेवतेस का. खरे उत्तर यावे, हा लोभ.
नारायणकाका

गुंजवणे, १४ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि. टेम्पो वेशीवर नेला. धोंडाबाई आल्या, प्रतिकृतीकडे बघून म्हणाल्या की, ह्ये समदं बाप्यांचं. आमी मयतासंगं वेशीपातुर येतो आन् माघारी फिरतो, पावसात उभं ऱ्हायाला आडोसा न्हाई. गेल्या श्रावणात त्यांचे मालक गेले तेव्हा त्या इथेच भिजत उभ्या होत्या. मग इतक्या बायका चढल्या की, गोरख म्हणाला, आता टेम्पो मोडंल, पण अपशकुनाचं भ्या गेलं.
मी आराखड्यात वेशीवर छोटं छप्पर काढलं. सरपंच म्हणतात, मंजुरी स्मशानाची. वेस त्यात बसत न्हाई. शुक्रवारी ग्रामसभा आहे. त्यांनी नकार दिला तर बायकांना काय तोंड दाखवू? जेवण जात नाही, हे काकूला सांगू नका.
माया असू द्यावी.
शुभ्रा

भोर, १६ जुलै

चि. शुभ्रास,
आशीर्वाद. काकूला सांगितले.
सरपंचांना विचारावे : अंत्यविधी कुठे सुरू होतो? घरी, म्हणतील. बायकांपुरता कुठे संपतो? वेशीवर. तर ज्या जागी निम्मे गाव शेवटचा निरोप घेते ती जागा अंत्यविधीची नाही, हे त्यांनी सिद्ध करावे. तो भार तुझ्यावर नाही. मात्र तू बोलू नकोस. पुण्याहून आलेल्या मुलीचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेतील. धोंडाबाईंनी विचारावे.
निकाल कळेपर्यंत मलाही चैन नाही.
नारायणकाका

गुंजवणे, २० जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि. धोंडाबाईंनी तुमचे प्रश्न विचारले नाहीत. त्या उठून म्हणाल्या की, सरपंच, तुमची आय गेली तवा तुमची बायकू कुठं हुती? सरपंचांनी ठरावाची वही ग्रामसेवकापुढे सरकवली. मग म्हणाले, लिवा.
दोन्ही छपरं मंजूर. काल पोटभर जेवले.
लोभ आहेच, तो वाढावा.
शुभ्रा

ता. क. वेशीवरच्या छपराला पावसाच्या बाजूनं, म्हणजे नदीकाठच्या स्मशानाकडं, भिंत घातली होती. बायकांनी ती काढायला लावली. भिजलो तर भिजलो, म्हणाल्या. धूर दिसला पायजे.