काकांना जीपीएस नकोय

प्रिय दत्ता,

तर जीपीएसवालं मशीन कॅन्सल. परवा फोनवर सांगतच होते, तेवढ्यात तू मीटिंगला पळालास. म्हणून आता सगळं लिहूनच टाकते. मेसेज केला की तू 'हम्म' पाठवतोस, पत्राला हम्म करता येत नाही. एवढं मोठं मराठी शाळेतसुद्धा लिहिलं नव्हतं मी, त्यामुळे चुका काढायच्या नाहीत.

मे महिन्यात हैदराबादला जाताना तू तुझ्या बाबांना माझा नंबर दिलास. ऑफिसमधली एक मुलगी आहे, तिला मशीनमधलं कळतं, एवढीच माझी ओळख. आणि मला बजावून गेलास की काही बोलून बसू नकोस, मी योग्य वेळ बघून सांगतो त्यांना. दोन वर्षं तू ती योग्य वेळ बघतोयस. मी मात्र रोज संध्याकाळी खराडीच्या ऑफिसातून घरी येताना तुझ्या बाबांशी (मी त्यांना काकाच म्हणते) त्यांच्या होडीसाठी घ्यायच्या फिश फाइंडरबद्दल, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या मशीनबद्दल, बोलतेय आणि खरं सांगू, मला जाम मजा येतेय. मी ड्रोन खोलून दुरुस्त करत बसायचे तेव्हासुद्धा एवढी आली नव्हती.

आधी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या आजोबांनी फिश फाइंडर हा शब्द ऐकून चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, मासे गणेश पेठेत मिळतात, तिथे मशीनशिवाय दिसतात. मी हलले नाही. मग त्यांनी विचारलं की बोट कुठाय. म्हटलं, हर्णैला. आणि आपण कुठे राहता? म्हटलं, शनिवार पेठेत. तर शांतपणे म्हणतात कसे, 'मग वायर लांब लागेल.' एवढं सगळं झाल्यावर त्यांनी खालच्या कप्प्यातून तीन मॉडेल काढली आणि पाऊण तास समजावून सांगितलं. म्हणजे सगळं येत होतं त्यांना. आमच्याकडे पुण्यात आधी अपमान आणि मग सर्व्हिस, हे तुला अजून सवयीचं झालेलं नाही, पण होईल.

सगळ्यात स्वस्त म्हणजे एक बॉल. दोरी बांधून पाण्यात टाकायचा, चित्र मोबाइलवर येतं. मी तो दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणला आणि माझ्या मैत्रिणीच्या, राजनंदिनीच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये टेस्ट केला. स्क्रीनवर एक भलामोठा मासा आला, सावकाश, काठाकाठाने. आम्ही दोघी नाचायच्याच बाकी होतो. तो मासा म्हणजे सोसायटीचे चेअरमन होते, बॅकस्ट्रोक मारत होते. काकांना हे सांगितलं तर ते इतके हसले की फोन काकूंकडे द्यावा लागला. मग म्हणाले, बॉल नको, एका हातात सुकाणू आणि एका हातात मोबाइल, मग जाळं काय दाताने ओढू? बरोबर होतं. बॉल परत केला.

मग होडीची चौकशी सुरू झाली. मला वाटलं होतं, सेन्सर आतूनच तळाला चिकटवू. फायबरच्या बोटीत तसं चालतं म्हणे. पण तुमची लाकडी, त्यातून जुनी, लाकडातून सिग्नल नीट जात नाही. म्हणजे भोक पाडायला लागणार. हे मी काकांना फार सहज बोलून गेले. माझ्या होडीला भोक पाडायचं नाही, एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी पुढे फक्त पावसाबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी मी होडीच्या मागच्या बाजूला लावायच्या दांड्याचं ड्रॉइंग काढून पाठवलं. सेन्सर दांड्याच्या टोकाला, मासेमारी झाली की दांडा वर उचलून ठेवायचा. काकांनी त्यात दोन सुधारणा सांगितल्या. एक भारी होती, एक चुकीची होती. चुकीची आहे हेही मी सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. इंजिन सुरू करताना बॅटरी मान टाकते, मग मशीन बंद पडणार, म्हणून त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी घ्यायची, हेही आमचं ठरलं. 'आमचं' असं लिहिताना काय वाटतं ते तुला कळणार नाही.

उरली दोन मशीन. एक मोठ्या स्क्रीनचं, जीपीएसवालं, मासे जिथे लागले ती जागा सेव्ह होते. माझं मन त्यावरच होतं. काकांनी एकच विचारलं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या कुणालाही ती जागा दिसणार? मी म्हटलं, पासवर्ड टाकू. ते म्हणाले, बंदरावर दुरुस्तीला दिलं की पासवर्ड सांगावाच लागणार. मग मला समजावलं, की किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की त्यांची मासे लागायची जागा येते, त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलेली, आणि ती घराबाहेर कुणाला सांगायची नसते. गावातल्या जिवलग मित्रालासुद्धा नाही. ठीक, मग छोटं साधं मशीन, परवडणारंही तेच. पण ते तिथल्या खोलीला पुरेल का, हे मला कळायला हवं ना? किती वाव, म्हणजे तुमच्या मापाने किती खोल, पाणी आहे विचारलं की म्हणायचे, असेल पुरेसं. मीटरमध्ये विचारलं तरी तेच. तळ चिखल आहे की खडक? असेल काहीतरी. मी रोज विचारायचे, ते रोज टाळायचे. शेवटी मी म्हटलं, काका, राहू दे, मी अंदाजाने घेते.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही, सरळ सुरुवात. किती वाव पाणी, तळाला खडक कुठून सुरू होतो, तांबोशी मासे कुठल्या अंगाला असतात. आणि मी विचारलंही नव्हतं, तरी किनाऱ्यावरच्या त्या दोन खुणा. त्या मी इथे लिहिणार नाहीये, पत्र कुणीही उघडू शकतं. मी आधी येड्यासारखी खोलीच लिहून घेत होते. मग एकदम पेन थांबलं. मी म्हटलं, काका, हे तर तुम्ही घरच्यांनाच सांगता.

'हो,' म्हणाले. 'दत्ता बापाचा नंबर फोनमध्ये बघून सांगतो. तुझा तोंडपाठ सांगितला मला. तेव्हाच म्हटलं, मशीन मरू दे, आधी पोरगी बघू.'

दत्ता, मी गॅलरीत उभी होते. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते आणि आई आतून विचारत होती, कोण गेलं का गं.

छोटं मशीन मी काल आणलं, ते त्या खोलीला पुरतंय. पण काका म्हणाले, कुरिअर करू नकोस, नारळी पौर्णिमेच्या आधी घेऊन ये, दांडा तूच बसव, आणि येताना आई-वडिलांना आण. आईला मी अजून एवढंच सांगितलंय की हर्णैला फिरायला जायचंय. तुला काका स्वतःहून विचारणार नाहीत. म्हणाले, त्याला बोलायचंय तर त्याचं त्यानं बोलू दे, मला काही माहीत नाही. तू इतकी वर्षं ज्या उत्तराला घाबरतोयस ते उत्तर तिकडे तयार आहे, एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. मग हे वाचून झालं की लगेच त्यांना फोन करतोस, का मी आई-बाबांना घेऊन होडीपाशी येते आणि तू तिथे सगळ्यांसमोर बोलतोस? तुला काय वाटतं?

तुझीच, आणि आता थोडी काकांचीही,
अपेक्षा