सर्वांना एकच प्रश्न

१९ जाने. १९६३, नंदुरबार
आमच्या सहकारी संघाचे जुने व्यवस्थापक नोकरी सोडून गेले. आता नंदुरबार, शहादा, तळोदा या तिन्ही ठिकाणच्या खरेदी-विक्रीवर एकच मुख्य व्यवस्थापक नेमायचा. आज अध्यक्ष पाटील माझ्या टेबलाशी आले. "ताई, मुलाखतले तुमीन बी बठा. कमिटीमा एक तरी शिकेल मानूस जोयजे." बी.ए. झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी मत मागितलं. आनंद लपवता येईना.
अर्ज तीन. त्यात आमच्याच कचेरीतले युसूफभाई.

२२ जाने.
मिरचीच्या ढिगाआडून एक दलाल, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं: "युसूफभाईनं काम व्हयी गयं! तेसनी पोरच कमिटीवर शे, मंग काय दखनं!" कान तापले.
पोर म्हणजे मी. खोटंही नाही. माझे बापू साधे तोलारी, बाजारात माल तोलणारे. पोरीला धुळ्याला कॉलेजात धाडा, हे त्यांच्या गळी उतरवलं यू.भाईंनीच. पण म्हणून मी वशिला चालवीन? तो मोडायचा तर घरापासूनच.

२९ जाने.
मुलाखती झाल्या. अध्यक्षांना मी सुचवलं होतं, सर्वांना एकच प्रश्न: गिरणीचं इंग्रजी पत्र वाचा, उत्तर काय द्याल सांगा. पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी घडाघडा वाचलं.
यू.भाई आले. घरी मला "बेटा" म्हणतात, आज "बाई". कागद बराच वेळ पाहिला, टेबलावर ठेवला, हसले. "साहेब, आंगरेजी मी वाचत नही. दुसरानाकडथीन वाची लेस."
"कोनाकडथीन?" अध्यक्षांनी विचारलं.
"शे एक जन. चांगलं वाचस."
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
संघाची पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. उत्तर ते सांगतात, मी लिहिते. सगळा व्यवहार असाच चालतो, अगदी सुरळीत. मला हे ठाऊक होतं. प्रश्न ठरवतानाही.

३१ जाने.
पुण्याचे गृहस्थ नेमले. अध्यक्ष म्हणाले, "मन्हा मनमा युसूफभाईच व्हता. पन प्रश्न तुमनाच व्हता, ताई."
न्याय केला, की त्या दलालाचं तोंड बंद केलं?
रात्री बापूंनी भाकरी अर्धीच खाल्ली. माय म्हणाली, "डाळमा मीठ नही का?" "शे," एवढंच.

२ फेब्रु.
यू.भाई नेहमीसारखे पत्र घेऊन आले. वाचलं. उत्तर लिहिलं. मग हळूच, "बेटा, तू तठे व्हती. मन्हं काय कमी पडनं?"
"इंग्रजी."
"ते तं शेच. पन हाऊ सवाल काढा कोनी? अध्यक्षले तं सोताले आंगरेजी येत नही."
"कमिटीनं," म्हटलं.
मान डोलावली नि गेले. एक शब्द, आणि तोही अर्धाच खरा.

५ फेब्रु.
शहाद्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये व्यवस्थापक हवा आहे. यू.भाई अर्ज करणार. "पन ह्या येळले कागद मीच वाचसू. माले शिकाड. सांजले येत जासू." या वयात! मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?
उद्या यायचे आहेत. बापूंनी खूश होऊन ओट्यावर चटई झटकून ठेवली आहे. तो प्रश्न माझाच होता हे आधी सांगितलं तर ते बसतील का? न सांगता त्यांच्यासमोर पुस्तक उघडलं तर त्यांच्या तोंडचं "बेटा" मला ऐकवेल का?