रंगूनहून आलेली अंबुजा

२२ मार्च १९६४
बातमी खरीच निघाली. रंगूनमधली मोठी दुकानं, पेढ्या — सगळं तिथल्या सरकारनं ताब्यात घेतलं! हे जिथं कारकून आहेत ती तांदळाची पेढीही गेली. कारकुनाला कोण विचारतो?
सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे की पेढी. मुलगा तर घरी येईल!"
मला हसू आलं. मग लाज वाटली.

९ जून
पत्र नाही.

१४ ऑगस्ट
आले! बोटीनं मद्रास, तिथून रेल्वेनं. तंजावरच्या स्टेशनवर मी एकटीच गेले होते. एका हातात पत्र्याची पेटी. दुसऱ्या हाताला सहाएक वर्षांची मुलगी.
"ही कोण?"
"अंबुजा."
सासूबाईंचं नाव. मग कळायचं काय उरलं?


१६ ऑगस्ट
तिच्या आईचं नाव मा थिन. तिथलीच. "तिला निघता आलं नाही," एवढंच म्हणतात. तिथं अख्खा संसार — आणि इथं मी दर दिवाळीला ह्यांचं पान मांडत होते!
सासूबाई तोंडात पदर कोंबून रडतात, आणि त्याच हातानं पोरीला दहीभात भरवतात. मी भांडू कुणाशी?

३ सप्टेंबर
तंजावरात तांदळाला रांग! पुढची बाई तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाली, "बर्मावाले आले नि आमचा तांदूळ संपला." माझ्याकडं बघूनच. हे शेजारी उभे होते. मान खाली घातली. तेवढ्यापुरता ह्यांच्यावरचा राग विसरले.

११ ऑक्टोबर
मुलीला ताप. कपाळावर ओली घडी ठेवली, तर डोळे न उघडता म्हणाली, "थोरली आई, माझी आई पुढच्या बोटीनं येईल ना?"
दोन महिने तोंड न उघडलेली पोर, आणि आमच्या तंजावरी मराठीत! आमच्या गल्लीतल्या पोरांनाही येत नाही अशी. म्हणजे त्या घरात माझी भाषा होती, माझं नातं होतं. फक्त मी नव्हते.
फार रडले.

२० नोव्हेंबर
ह्यांना मलायात, पेनांगला नोकरी मिळाली. पुन्हा तांदळाचीच. इथं पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण ठेवून घेतं? जवळच्या पापनाशमच्या तांदळाच्या गिरणीनंही नाही म्हटलं.
"मुलीला ठेवशील?"
"न ठेवून कुठं टाकू?" — तीन महिन्यांत एवढंच धड बोललो.

५ डिसेंबर
ह्यांना नागपट्टणला बोटीवर पोचवून आले. धक्क्यावर मीच म्हटलं, "तिथून जमलं तर तिच्या आईलाही आणा. राहू आम्ही दोघी."
हे पाण्याकडं बघत राहिले. "थिन नाही गं आता. आम्ही निघायच्या आधीच गेली, टायफॉईडनं. तेव्हा पोर शेजाऱ्यांकडं होती. तिला सांगायचा धीर झाला नाही."
भोंगा झाला. हे चढले.
आता ते मी सांगायचं.