सरपंचाची शेपटी

।। एकवीरा आई सगळ्यांना सांभाळो ।।

करावे गाव,
मंगळवार

रा. रा. केतनराव यांना गोटीरामचा नमस्कार. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि कळंबोलीतलं लोखंडाचं दुकान, तिन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहेत. तुमचा सरपंचही बरा आहे. (या वाक्यावर फार थांबू नका, पुढे चला.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन तुम्ही मध्येच कापता. पत्र फार तर फाडाल, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

आमच्या मनस्वीच्या लग्नात तुम्ही सख्खे मामा असून कळंबोलीला ट्रेलरांच्या मागे अडकलात, मुहूर्त टळतोय म्हणून नवरीला मंडपात चुलतमामानं आणलं, आणि तेव्हापासून तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत. तुमची बहीण सुमित्रा दर भाऊबीजेला पाटाभोवती रांगोळी काढते आणि रात्री स्वतःच पुसते. मी आपला लाद्या पुसल्यासारखं दाखवत तिच्या आसपास फिरतो. अशात मी फायटर माशांची पैदास करायला घेतली. मादी मिळाली, पण तोडीचा नर मिळेना, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही तुमचा लाडका निळा सरपंच बरणीत घालून आमच्या वॉचमनकडे ठेवून गेलात. तुम्ही वर आला नाहीत, पण मासा आला. सुमित्रा ती बरणी मांडीवर घेऊन रडली हो. तेव्हा या माशाला काही झालं असतं तर नात्याचा उरलासुरला धागाही गेला असता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तुम्ही वॉचमनला सांगितलेली कृती मी तंतोतंत पाळली. दोघांना वेगळ्या बरणीत पण शेजारी ठेवायचं, रोज काचेतून एकमेकांना बघू द्यायचं, जिवंत खाणं द्यायचं, आणि नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधायला लागला, मादी पोटानं भरली, तिच्या अंगावर उभे पट्टे आले, की मगच एकत्र सोडायचं. घाई केली तर मारामारी. जिवंत खाणं म्हणजे डासांच्या अळ्या. त्यासाठी गच्चीवर बादली भरून ठेवली. फवारणीवाले आले, बादलीत वाकून बघितलं आणि मला विचारलं, ‘काका, हे काय हाय?’ मी म्हटलं, पाळलेत. त्यावर त्यांनी मला डेंग्यूवर जे भाषण दिलं ते अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. (आमच्या वाडवडिलांनी खाडीतले मासे आणून गावाला खाऊ घातले, आणि मी माशांना खाऊ घालायला डास पाळतोय. गावात कोण काय म्हणतं ते इथे लिहीत नाही, पत्र वहिनीही वाचतील.)

खरी अडचण आईची झाली. मादीचं नाव गोजरा तिनंच ठेवलं आणि त्या दिवसापासून ती वधूपक्षाची मुख्य झाली. पाणी मऊ राहावं म्हणून मी दोन्ही बरण्यांत बदामाचं सुकं पान टाकलं. सकाळपर्यंत पाणी पिवळं झालं. आई बघते तर नवरानवरीच्या अंगाला पिवळं! ‘हलद लावलीस नि मना सांगितला पन नाय?’ म्हणून ती दुपारी जेवली नाही. आपल्यात हळद म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. लग्न चुकलं तर चालतं, हळद चुकून चालत नाही. शेवटी रुसवा काढायला मी कबूल केलं की निदान सोडण्याच्या दिवशी भिमाबाई धवलारणीला बोलवू आणि ती लग्नाचे धवले गाईल. एका माशासाठी धवले! पण ऐंशीच्या आईशी कोण भांडणार.

एवढंच झालं असतं तरी निभावलं असतं. पण लग्नाआधी नवऱ्यानं नवरीला बघायचं नाही, हे आईच्या डोक्यात पक्कं. मी घराबाहेर पडलो की ती दोन बरण्यांमध्ये अंतरपाट म्हणून माझा पांढरा टॉवेल धरून बसायची आणि जिन्यात माझी चप्पल वाजली की काढायची. म्हणजे मी समजतोय की दोघं दिवसभर एकमेकांना बघतायत, आणि त्यांची साधी तोंडओळखही नाही. गोजरा अळ्या खाऊन टम्म फुगली होती, सरपंचानं कडेला थोडे बुडबुडे काढले होते, मला वाटलं झाली तयारी. रविवारी हॉलमध्ये शेजारीपाजारी जमले, भिमाबाईंनी आवाज लावला आणि मी दोघांना एका टाकीत सोडलं. सरपंचानं रुबाबात पिसारा फुलवला. गोजरानं आयुष्यात पहिल्यांदा नर बघितला आणि ती सरळ अंगावर धावली. धवला अर्ध्यात राहिला. मी चहाच्या गाळणीनं गोजराला बाहेर काढलं. थोडी झटापट झाली म्हणायची, बाकी दोघंही सुखरूप आहेत. काळजी नसावी.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गोटीराम

ता. क. सुखरूप म्हणजे जिवंत, असं वाचावं. सरपंचाची शेपटी अर्धी गेली. जेवतो व्यवस्थित, पण कुणी बरणीसमोर आलं की पानामागे जातो. शेपटी पुन्हा येते म्हणतात. नाही आली तर तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा नाही.

ता. क. २ आईनं निकाल दिलाय की चूक तिच्या टॉवेलाची नाही. मामा नसताना लग्न लावलं म्हणून मोडलं. दुसरा मुहूर्त ती तुमच्याशिवाय धरणार नाही. गोजराला बरणीतून टाकीपर्यंत मामानंच आणायचं, चुलतमामा चालणार नाही, असं तिनं बिल्डिंगभर सांगून ठेवलंय. तुम्ही वरपक्षाचे आहात हे मी बोलून बघितलं. ऐकत नाही. या रविवारी या. ट्रेलर असतात, सकाळी लवकर निघा.

ता. क. ३ सरपंचाला वॉचमनकडे ठेवून परत पाठवू, असं मी काल सुमित्राला म्हणालो. तिनं बरणी देवघराशेजारी नेऊन ठेवली. म्हणाली, ‘कुठं नाय जायचा तो. माझ्या माहेरचं तेवढंच एक माणूस या घरात हाय.’