दोन तोंडांची ट्रॉली

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

जीपवरच्या कॅरिअरचा जो सांधा तुटला, तो नेमका कोणाच्या वेल्डिंगचा? तुमच्या की काकांच्या? तुम्ही विचारलंत, आणि त्याच दिवशीच्या टपालात काकांनीही विचारलं. बाबा, मला उत्तर येत नाही. मी राज्यशास्त्रात पदवी घेतली आहे. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून पाण्याची मोटर बंद पडली तरी मलाच विचारतात, हे मला ठाऊक आहे. पण तुटलेलं लोखंड बघून भाऊ ओळखायचा, असा विषय आम्हाला नव्हता.

काकू लिहिते की कॅरिअरवरच्या गाद्या भर रस्त्यात पसरल्या आणि मागचा स्कूटरवाला नेमका त्यांच्यावर पडला म्हणून वाचला. त्याला लागलं नाही हे महत्त्वाचं. तो नंतर बराच वेळ उठायलाच तयार नव्हता, असंही ती लिहिते.

माझी काळजी वेगळी आहे. एका शेडमध्ये, एका मशीनवर आयुष्य काढलेले सख्खे भाऊ आता एकमेकांकडे हातोडासुद्धा मागत नाहीत, आणि तुम्ही तर शेडच्या मधोमध भिंत घालायची म्हणता. बाबा, भिंत नको. मी खूप विचार केला. दोष तुमच्या दोघांच्या स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. कोणतं काम कोणाचं हेच ठरलेलं नसेल तर दोष नुसता या हातातून त्या हातात फिरत राहतो. म्हणून माझं असं म्हणणं आहे: शेडमध्ये खडूने मधोमध एक रेघ मारा. रस्त्याच्या दारापासून रेघेपर्यंत तुमची बाजू, मागच्या गल्लीच्या दारापासून रेघेपर्यंत काकांची. सामान पोचवायला जी नवी ट्रॉली करायची आहे, ती अर्धी तुम्ही करा, अर्धी काका करतील, आणि दोन्ही अर्ध्या रेघेवर जोडायच्या. मान सारखा, जबाबदारी स्पष्ट. काकांनाही हेच शब्द लिहिले आहेत, एक काना इकडचा तिकडे नाही.

इथे शाळेत मी रमले आहे. आमची शाळा एका अरुंद बंद गल्लीच्या टोकाला आहे. आत आलेली गाडी वळत नाही, आणि मागे ट्रॉली असली तर ती उलटी काढताना भिंतीला घासते. मोठ्या बाईंना झाडाखाली मुलांसाठी विटांचा ओटा बांधायचा आहे, पण विटा घेऊन आत यायला एक गाडीवाला तयार होईल तर शपथ.

लोभ आहेच. यापुढे तो दोघांनी एकाच पाकिटात घालून पाठवावा, तिकीटही वाचेल.

तुमची,
ठमी

*

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे रेघ मारली. मी दोरी धरून, गुण्या लावून मारली. दुसऱ्या दिवशी बघतो तर रेघ बोटभर माझ्या बाजूला सरकलेली. बोलायचं नाहीच ठरलंय. पुसून परत मारली. आता तुझ्या काकाने तिच्यावर ऑइलपेंट फिरवलाय, त्यामुळे हा विषय संपला.

व्यवस्था चांगली आहे, पण एक अडचण आहे. वेल्डिंग मशीन माझ्या बाजूला आणि प्लग त्याच्या बाजूला. मला काम सुरू करायचं असलं की मी तुझ्या आईला सांगतो, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या काकूला सांगते, काकू त्याला सांगते, आणि मग तो उठून बटण दाबतो. तेही असं, जणू धरणाचा दरवाजा उघडतोय. त्याला वेल्डिंग करायचं असलं की हाच निरोप उलटा फिरतो आणि मी वायर रेघेपलीकडे सरकवतो. छताचा पंखा बरोबर रेघेवर आहे. त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. सध्या तो बंद ठेवलाय आणि दोघंही घामाघूम.

माझी अर्धी ट्रॉली मात्र बघण्यासारखी झाली आहे. जाड अँगलची चौकट, दोन चाकं, आणि पुढे हूक. हूक म्हणजे ट्रॉलीचं नाक, तो माझ्याकडे आला हे योग्यच झालं. मागची बाजू त्याच्याकडे. मागे काय, एक फळी लावली की संपलं. तेवढं त्याला जमेल.

माझे आशीर्वाद पक्के आहेत, रंग लावून झाकलेले नाहीत. तब्येतीला जप.

तुझे,
बाबा

*

ता. १४ फेब्रुवारी

चि. ठमाबाई, बी.ए., यांस
काकाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी राज्यघटना लागू झाली. तुझा बाप रेघेपलीकडून माझ्याकडे असा बघतो की जणू मी पासपोर्ट दाखवायला हवा. काल माझा चिमटा घरंगळत त्याच्या हद्दीत गेला. मी तो मागितला नाही. लांब सळई घेतली, पुढे लोहचुंबक बांधलं आणि ओढून आणला. दादाच्या बाजूचे दोन नटही चुकून चिकटून आले. ते मी परत फेकले, माझ्यावर आळ नको.

त्याच्या ग्राइंडरच्या ठिणग्या माझ्याकडे येतात, म्हणून मी पत्रा उभा केला. आता पत्र्यावर त्या ठिणग्यांचा असा काही आवाज होतो की तुझी काकू धावत येऊन विचारते, कढई जळली का.

असो. माझा भाग तयार आहे. दोन चाकं, चौकट, आणि समोर असा हूक की हत्ती बांधावा. तू शेड वाटलीस तेव्हाच मला कळलं की मागची बाजू दादाकडे दिलीस. त्याच्या वयाला तेच बरं, तिथे फारसं डोकं लागत नाही. पोरगी शिकली खरी!

आता एकच प्रश्न. रेघेवरचा जोड कोणी करायचा? मी रेघेच्या पलीकडे हात घालणार नाही आणि दादाचा हात अलीकडे येऊ देणार नाही. घटनेत दुरुस्ती कर आणि उलट टपाली कळव.

भरपूर माया कर, थोडी बापाला दिलीस तरी चालेल.

तुझा,
काका

*

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबा व ती. काका यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रांनी मला किती आनंद झाला, काय सांगू! मी वर्गात मुलांना तुमचीच गोष्ट सांगितली: दोन भाऊ, एक रेघ आणि एक ट्रॉली. एका मुलीने विचारलं की ते बोलत नाहीत तर मग ट्रॉलीचं पुढचं तोंड कुठे हे त्यांना कसं कळलं. मी म्हटलं, मोठ्या माणसांना अशा गोष्टी न बोलता कळतात.

रेघेवरचा जोड तटस्थ व्यक्तीने करावा. माझ्या मते तो आई आणि काकूंनी मिळून करावा. दोघींनी आजवर तुमच्या शेजारी बसून इतकं वेल्डिंग पाहिलं आहे. फक्त काच डोळ्यांसमोर धरून करा म्हणावं.

लोभ असावा, आणि शक्य झाल्यास पंखाही लावावा.

तुमची,
ठमी

*

ता. २८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
काकूचे आशीर्वाद.

तुझी आई म्हणाली तूच लिही, माझं हसू थांबत नाही. तर लिहिते. आधी एक सांगते: सगळे धडधाकट आहेत.

जोड आम्ही केला. तुझ्या आईने दोन्ही भाग धरले, मी रॉड चालवला. मला कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून डब्यातले रॉड संपेपर्यंत चालवला. दिसायला तो जोड म्हणजे कावळ्याचं घरटं. दादा बघून गप्प राहिले, तुझे काका बघून गप्प राहिले. दोघं एकाच वेळी एकाच कारणासाठी गप्प राहिले, हेच मला फार वाटलं.

मग आई म्हणाली, अगं, हिचं मागचं तोंड कुठे आहे? मी इकडे बघितलं, हूक. तिकडे बघितलं, हूक. दादांना वाटलं होतं ट्रॉली रस्त्याच्या दाराने निघणार, म्हणून त्यांनी पुढचा भाग केला. ह्यांना वाटलं होतं गल्लीच्या दाराने निघणार, म्हणून ह्यांनीही पुढचाच केला. मागचा भाग कोणी केलाच नाही, फळीचा तर पत्ताच नाही! आम्ही दोघी सांगायला तोंड उघडतो तोवर हे दोन्ही वीर आपापल्या दाराने बाहेर. ट्रॉली पहिल्यांदा कोणी बाहेर काढायची याची घाई झाली होती.

दादांनी रस्त्याकडून जीप लावली. ह्यांनी गल्लीकडून आपला टेम्पो लावला. दोघांची पाठ शेडकडे. दोन्ही गाड्या सुरू. ट्रॉली हलेना. दादांना वाटलं चाकाखाली काहीतरी आलंय, ह्यांनाही तसंच वाटलं, आणि ठमे, दोघांनी जोर वाढवला. आम्ही आतून ओरडतोय, पण दोन इंजिनांपुढे आमचं कोण ऐकतं? ट्रॉली मध्ये थरथरत उभी.

मग फाट्‌ आवाज झाला. एक नाही, दोन. जीपचा मागचा बंपर निघाला, जो दादांनी स्वतः जोडला होता. टेम्पोचा हूक निघाला, जो ह्यांनी स्वतः जोडला होता. जीप समोरच्या न्हाव्याच्या पायरीला जाऊन टेकली. आत अर्धी दाढी झालेला माणूस तसाच बाहेर आला. टेम्पो गल्लीत धोब्याच्या दोऱ्यांत घुसला आणि चार चादरी पांघरून थांबला. तुझे काका उतरले ते डोक्यावर कोणाचीतरी उशीची खोळ घेऊन.

आणि आमचा जोड? जागचा हलला नाही. तुझ्या आईने त्याला हात लावून बघितला आणि हसत जी खाली बसली ती बसलीच.

मला वाटलं, आता तरी दोघं हसतील. कसलं काय! दादा म्हणाले, त्याने आधी ओढलं. हे म्हणाले, दादाने आधी ओढलं. आणि आता दोघं मिळून भिंत घालणार आहेत. विटा येऊन पडल्या. ठमे, मला गंमत वाटते म्हणून मी हसते, पण भिंत झाली तर मला आणि तुझ्या आईला खिडकीतून बोलताही येणार नाही गं. ती भिंत शेडबाहेर वाढून स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच जाणार आहे. काहीतरी कर.

तुझी वाट बघणारी,
काकू

*

ता. २ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझ्या माहितीसाठी. भिंतीबाबत आम्हा दोघांचं पूर्ण एकमत झालं आहे. विटा शेडसमोर रचल्या आहेत. पुढच्या आठवड्यात गवंडी येईल. तू आता आणखी काही सुचवू नकोस, आमच्या गाड्या अजून दुरुस्त व्हायच्या आहेत.

रागावू नकोस. माया आहे तशीच आहे, तिला भिंत नाही.

तुझे,
बाबा

(हे सर्व मला मान्य आहे. माझी सही खाली, रेघेच्या माझ्या बाजूला. – काका)

*

ता. १० मार्च

ती. बाबा व ती. काका यांस (उघडताना दोघं हजर असावेत),
कृ. शि. सा. न. वि. वि.

पुढचं तोंड कोणाकडे हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी. ते वर्गातल्या मुलीला सुचलं, तुमच्या दोघांच्या पत्रांत हूक वाचूनही मला सुचलं नाही. तिची मी माफी मागितली, तुमचीही मागते. कॅरिअरचा सांधा कोणाचा होता, हे मला अजूनही सांगता येत नाही. मात्र बंपर बाबांचा आणि हूक काकांचा, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. मला वाटतं निकाल बरोबरीत सुटला.

काकूचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले, आणि शेवटच्या ओळीशी आले तेव्हा रडले. मग डोळे पुसून शाळेच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. बाबा, काका, तुम्ही काय बनवलं आहे ते तुमच्या लक्षातच आलेलं नाही. इथे आत येणारी ट्रॉली वळत नाही आणि उलटी काढता येत नाही, म्हणून विटा येत नाहीत. तुमच्या ट्रॉलीला वळायचं कामच नाही! एका बाजूने एकाने आत ओढायची, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने बाहेर ओढायची; आत राहिलेली गाडी मागे ट्रॉली नसली की सहज उलटी निघते. अशी ट्रॉली विकत मिळत नाही. ती बनवायला एकमेकांशी न बोलणारे दोन हट्टी भाऊ लागतात, आणि ती चालवायला तेच दोघे लागतात. पण चालवताना बोलावं लागेल. निदान "आता मी ओढतो, तू थांब" एवढं तरी.

मी मोठ्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, विटा कुठून आणायच्या? मी म्हटलं, आमच्या दारात रचलेल्या आहेत.

तर आता कळवते. भिंतीच्या सगळ्या विटा तुम्हा दोघांच्या वतीने मी शाळेला देऊन टाकल्या आहेत. परवा प्रार्थनेनंतर तसं जाहीर झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. गवंड्यालाही मी परस्पर पत्र टाकलं आहे की भिंतीचं काम रद्द, ओट्याचं काम करायला इकडे यावं. त्याचा होकार काल आला. ओट्याशेजारी लावायला आभाराचा फलकही केला. त्यावर तुमची नावं एकाच ओळीत आहेत, मध्ये फक्त "आणि". त्याखाली आई आणि काकूंचं नाव आहे, "मधल्या जोडासाठी".

येत्या शनिवारी सकाळी मुलं गल्लीच्या तोंडाशी उभी असतील, तोवर बंपर आणि हूक जोडून घ्या, हवं तर आई आणि काकूंकडून. विटा एका फेरीत मावणार नाहीत, त्यामुळे जेवायचं इथेच. आई आणि काकूंना पुढे बसवा. ट्रॉलीला पुढचं तोंड दोन्हीकडे आहे, तेव्हा कोण कुठे बसली यावरून वाद व्हायला नको.

लोभ तुमच्याकडे भरपूर आहे. यावेळी तो विटांबरोबर घेऊन यावा.

तुम्हा दोघांची,
ठमी

ता. क. फलक पुसून मागे घ्या असं लिहायचा विचार असेल, तर कळवते की रंग वाळला आहे. ऑइलपेंट वापरला. काकांकडून शिकले.