आईचा भाग

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८
भिवंडी

ध्रुवप्रदेशांवरच्या परिषदेहून सकाळी घरी पोचले, तरी डोक्यात अजून तेच. बाबा डिझेल मेकॅनिक म्हणून वर्षभर अंटार्क्टिकाला होते, तेव्हा इथे कामतघरला आईनं आम्हाला एकटीनं सांभाळलं. माझा निबंध त्या वर्षाबद्दल. तिथे वाचून झाल्यावर सत्राचे अध्यक्ष हसून म्हणाले, "छान आहे, पण यात ध्रुवप्रदेश कुठे आहे? आमच्या पुस्तकात घ्यायचा तर आईचा भाग गाळा."

हसून! हसण्यासारखं काय होतं त्यात?

मी म्हटलं, "मग निबंधच गाळा." बर्फावर गेला तेवढाच माणूस ध्रुवाचा? आणि त्याची वाट बघणारं घर? ते कुणाचं?

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम चालू होते, म्हणून ओरडूनच. ती म्हणाली,

"माझ्यापायी तुझं छापायचं राह्यलं गं."

"तुझ्यापायी नाही, त्यांच्यापायी."

"तुझ्या बापाचा फोन आला की मी रडायची न्हाय, ठेवल्यावर रडायची. ते लिवलंस?"

"लिहिलंय."

"मंग एक शब्दबी काढू नको."

नाही काढणार.