जन्मापासून असलेल्या आणि कधीच नसलेल्या आजाराबाबत

प्रति,
मा. श्री. चंद्रहास दिवेकर,
महाव्यवस्थापक (मनुष्यबळ व प्रशासन),
नुजूम अल् हजर अभियांत्रिकी सल्लागार,
अल् खुवैर, मस्कत.

विषय : अर्जदाराचा आजार मुळातच नाही, की जन्मापासून आहे, यांपैकी कोणतेही एक ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपले ज्ञापन दि. ८ ऑक्टोबर २०१७ (आजार नाही).
(२) आपलेच ज्ञापन दि. १० ऑक्टोबर २०१७ (आजार जन्मजात).
(३) आपले दिवाळी संमेलनातील भाषण.

महोदय,

अर्जदार रचना अतुल तायडे, वय ४१, ही आपल्या कार्यालयात ऑगस्ट २००८ पासून नकाशे तपासण्याचे काम करते. तिने यापूर्वी इंग्रजीत तीन अर्ज केले. तिन्हींवर ‘नोटेड’ एवढाच शेरा मिळाला. दिवाळी संमेलनात आपण म्हणालात, “मराठी माणसाने मला मराठीत लिहावं, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.” त्या टाळ्यांत अर्जदाराच्याही टाळ्या होत्या. म्हणून हा चौथा अर्ज.

मार्च २०१५ मध्ये अर्जदाराला बारा दिवस ताप आला. ताप गेला, पण ताकद परत आली नाही. आंघोळ केली की पलंगावर टेकावे लागे. नऊ तास झोपून उठले तरी रात्रभर स्लॅब भरून आल्यासारखे अंग होई. एक दिवस जोर लावून काम उरकले, तर पुढचे तीन दिवस पडून जात. रक्ताचे सगळे अहवाल उत्तम येत होते. एका डॉक्टरांनी तर अभिनंदनच केले. दुसऱ्यांनी झुम्बा सुचवला. अर्जदाराने तोही केला आणि आठवडाभर अंथरुणात काढला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी बिटाचा रस सांगितला. त्याने निदान नुकसान झाले नाही.

अखेर डॉ. वजीरा यांनी तासभर ऐकून घेतले आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम असे निदान लिहून दिले. ‘रोज चार तास काम, तेही घरून’ अशी लेखी शिफारस केली. ती घेऊन अर्जदार आपल्याकडे आली, तेव्हा संगणकातल्या रजेच्या यादीत ‘थकवा’ हा प्रकारच नाही, असे आढळले. आपण समजुतीने म्हणालात, “अहो मॅडम, दमतो तर मीसुद्धा. मी कुठे डॉक्टरकडे गेलो?” अर्जदार आपला चष्मा तुमच्या टेबलावर विसरून परतली. आजाराचे तेही एक लक्षण आहे.

डॉ. वजीरांकडूनच कळले, की परदेशातल्या एका विद्यापीठात या आजाराचा जनुकांशी काही संबंध आहे का, याचे संशोधन चालू आहे आणि देशोदेशींच्या रुग्णांची लाळ तिथे मागवली जाते. अर्जदाराने नाव नोंदवले. बरे होण्याची आशा डॉक्टरांनी दाखवली नव्हती. आपल्या टेबलावर ठेवता येईल असा एखादा शिक्क्याचा कागद मिळावा, एवढाच हेतू होता. नळी भरेपर्यंत थुंकायला अर्जदाराला चाळीस मिनिटे लागली. पाकिटावर वस्तूचे वर्णन म्हणून ‘लाळ’ लिहिलेले पाहून कुरियरचे इक्बालभाई संकोचले. “मॅडम, कुछ अच्छा लिखो ना.” अर्जदाराने ‘वैज्ञानिक नमुना’ असे लिहिले. तेव्हा त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतले.

नऊ महिन्यांनी पत्र आले. त्यात प्रामाणिकपणे म्हटले होते, की काही जनुकांतले बदल रुग्णांमध्ये जरा जास्त दिसतात, आनुवंशिकतेचा थोडा वाटा असू शकतो, पण यावरून कोणा एका व्यक्तीला आजार आहे की नाही हे सांगता येत नाही. संशोधन चालू आहे. आभारी आहोत. हे पत्र अर्जदाराने मोठ्या विश्वासाने आपल्याला सादर केले. तिने केलेली चूक ती हीच.

आपण त्या पत्राचा उत्तरार्ध आधी वाचलात आणि पूर्वार्ध दोन दिवसांनी, असे दिसते. आठ तारखेच्या ज्ञापनात म्हटले आहे, की जनुकीय तपासणीत आजार सिद्ध झाला नाही, तस्मात् तो नाही, आणि अर्जदार कामचुकार आहे. दहा तारखेच्या ज्ञापनात म्हटले आहे, की आजार जनुकीय असल्याने तो जन्मापासून आहे. २००८ साली रुजू होताना ‘आनुवंशिक आजार’ या रकान्यात अर्जदाराने ‘नाही’ लिहिले, म्हणजे माहिती दडवली. तर तिला कामावरून का काढू नये? दोन्ही ज्ञापनांवर सही आपलीच आहे आणि ती जराही थकलेली दिसत नाही.

२६ ऑक्टोबरला अर्जदाराची सुनावणी तिसऱ्या मजल्यावर ठेवण्यात आली. लिफ्ट दुरुस्तीला काढलेली होती. तळमजल्याचे रखवालदार उस्मान आपले स्टूल घेऊन पुढे पुढे चढले आणि प्रत्येक वळणावर ते मांडून म्हणाले, “बैठो सिस्टर, यल्ला बोलने की जल्दी नहीं.” (‘यल्ला’ म्हणजे इथल्या अरबीत ‘चला, लवकर’.) अर्जदार पंचवीस मिनिटे उशिरा पोचली. आत झालेले बोलणे असे :

आपण विचारलेत, “मॅडम, एक काय ते सांगा. आजार आहे की नाही?”

“आहे.”

“मग २००८ साली का नाही लिहिलात?”

“तेव्हा नव्हता, सर.”

“जीन तर होते ना तेव्हा?”

“जीन तर तुमचेही होते, सर.”

सुनावणीच्या इतिवृत्तात हे सगळे मिळून दोन वाक्यांत आले आहे : ‘अर्जदार तीन मजले चढून आली, यावरून प्रकृती ठणठणीत दिसते. अर्जदाराने अधिकाऱ्यांच्या जनुकांविषयी अनुचित उद्गार काढले.’ त्या तीन मजल्यांपायी अर्जदार पुढे आठवडाभर उठू शकली नाही, आणि २९ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हे कामाचे सहा दिवस विनापरवानगी गैरहजेरीत मांडले गेले.

सुनावणीत आपण आणखी एक कागद मागितला होता : माहेरच्या मागच्या दोन पिढ्यांत कोणालाही असा थकवा नव्हता, असे प्रमाणपत्र. अर्जदाराने आईला अकोल्याला फोन केला. आई, कांताबाई, सूतगिरणीत सव्वीस वर्षे तिन्ही पाळ्यांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमाले दमाले टाइम कुठी होता व माय?” आजी वीटभट्टीवर होती. तिला थकवा होता की नाही, हे सांगता येत नाही, कारण तिला ते कोणी कधी विचारले नाही. प्रमाणपत्र देणारा अधिकारी त्या काळी भट्टीवर येत नसे. तरी हा पूर्वेतिहास जसा आहे तसा सादर करीत आहे.

माहिती दडवल्याचा ठपका ठेवून काढले, तर कंपनी ना-हरकत पत्र देणार नाही आणि अर्जदाराला दोन वर्षे या देशात नोकरी करता येणार नाही. तिचे पती दूर इब्रीच्या साइटवर एकट्या माणसाच्या खोलीत राहतात, तिथे कुटुंब नेता येत नाही. मुलगी मैत्री दहावीत आहे. पण हे सांगून अर्जदार दया मागत नाही. दोन वर्षांनी हे शरीर घेऊन नव्या कार्यालयाच्या मुलाखतीला तिला उभेच राहता येणार नाही, आणि नकाशे तपासण्यावाचून तिला दुसरे काही मनापासून येत नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

आता एक तांत्रिक बाब. गैरहजेरीच्या त्या सहा दिवसांत कनिष्ठ अभियंता निशांत यांनी सलालाहच्या शीतगृहाचा नकाशा अर्जदाराला घरी पाठवला, कारण तो तपासायला कार्यालयात दुसरे कोणी नव्हते. अर्जदाराने तो पडल्या पडल्या, वीस-वीस मिनिटे करून पाहिला. माल उतरवायच्या जागेवर जो सज्जा पुढे येतो, त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला हव्या होत्या. त्या खालच्या अंगाला दाखवल्या होत्या. तसाच भरला असता, तर टेकू काढताच सज्जा खालच्या माणसांवर आला असता. अर्जदाराने निशांत यांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, मी तीनदा पाहिला होता हो.” दुरुस्त नकाशावर अर्जदाराने १ नोव्हेंबरला सही केली आणि कार्यालयाने तो त्याच दिवशी सलालाहला रवाना केला. हजेरीपटानुसार त्या दिवशी अर्जदार नव्हती.

सबब (हा अर्ज मैत्री टाइप करीत आहे. तिने इथे थांबून विचारले, “आई, सबब मीन्स एक्स्क्यूज ना?” अर्जदाराने सांगितले, की कार्यालयात त्याचा अर्थ ‘म्हणून’ असाही होतो) विनंती अशी, की वरील दोन ज्ञापनांपैकी खरे कोणते ते कळवावे. आजार नसेल, तर तो दडवलाही नाही. आजार असेल, तर डॉ. वजीरांची शिफारस मान्य व्हावी. आणि दोन्ही ज्ञापने एकदम खरी असतील, तर गैरहजर माणसाची सही नकाशावर चालत नाही, म्हणून १ नोव्हेंबरची आपली सही अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. निशांत यांना तसे कळवले आहे. सलालाहला परवा, गुरुवारी सकाळी, स्लॅब भरायचा आहे. इन्शाल्ला.

आपल्या हजेरीपटावर नसलेली, तरीही नम्र,

(सही)
रचना अतुल तायडे
अल् खुवैर, मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर २०१७

सोबत : (१) डॉ. वजीरा यांचे निदान व शिफारस. (२) विद्यापीठाचे पत्र, दोन्ही अर्ध्या भागांसह. (३) सुनावणीचे इतिवृत्त. (४) आईचे म्हणणे, अर्जदाराच्या अक्षरात. (५) सज्ज्याचा नकाशा, आधीचा व नंतरचा.

कार्यालयीन शेरा, दि. १४/११/२०१७, दुपारी १.१० :
शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दोन्ही ज्ञापने मागे घेतली आहेत. रोज चार तास, घरून काम, मंजूर. सहा दिवस हजर धरावेत. रजेच्या यादीत नवा प्रकार घालण्यास आयटीला सांगितले आहे. नाव मॅडमनी सुचवावे. सही कायम असल्याचे कृपया आजच कळवावे, सलालाहहून तीन फोन आले. — चं. दिवेकर